पाव हिस्सा पांढरा

"रुपरावभाऊ, खरं सांगा. माझी पांढरी रोपं कोणी उपटली?"

मधुवंतीने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. काचघरातला माळी रुपराव हातातली झारी खाली ठेवून तिसऱ्यांदा म्हणाला, "म्या नाई उपटली, म्याडम. पांढरं रोप म्या डोळ्यानं पाहिलंच नाई."

ट्रेमध्ये दोनशे खळगे होते. प्रत्येकात ज्वारीचा एकेक दाणा तिने स्वतःच्या हाताने टोचला होता. आज आठवा दिवस. एकशे चौपन्न रोपं वर आली होती आणि सगळीच्या सगळी हिरवीगार. उरलेले सेहेचाळीस खळगे रिकामे. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. आणि चारांत एक रोप पांढरं निघतं, हेच तर तिला सिद्ध करायचं होतं!

ते सगळे एकाच कणसाचे दाणे. त्यातले वीस तिने उन्हाळ्यात चाचणीसाठी पेरले, तेव्हा पाच रोपं कागदासारखी पांढरी निघाली होती. असं रोप जगत नाही, पंधरा दिवसांत मान टाकतं. त्याआधी मोजलं तर मोजलं. बाकीचे दाणे तिने घरी फ्रिजमध्ये स्टीलच्या डबीत जपून ठेवले होते. आता डबी रिकामी झाली होती आणि पीएचडीची मुदतही संपत आली होती. दसरा झाला की सोमवारी आकडे द्यायचे, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

"मरतुकडं रोप दिसलं की तुमचे हात शिवशिवतात," ती म्हणाली. "मागच्या साली माझी कपाशी कोणी विरळली होती?"

"तवा चुकलं. कबूल केलं ना म्या? आता काहून आळ घेऊन राहिल्या?"

"मग काय उंदरांनी मोजून पाव हिस्सा खाल्ला?"

रुपराव झारी उचलून निघून गेला. चोर तर चोर, वर शिरजोर, असं मनात म्हणत मधुवंतीने तिथेच उभ्याउभ्या विभागप्रमुखांना तक्रार लिहिली. संध्याकाळी सरांचा फोन आला. रुपराव रोजंदारीवर होता, त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. तिला जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं धंतोलीच्या चौकापर्यंतसुद्धा टिकलं नाही. तिथे अॅम्ब्युलन्सच्या मागे स्कूटी अडकली, आणि तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा तेच सेहेचाळीस खळगे आले.

घरी आणखी वेगळाच ताप. सासूबाई, प्रयागबाई, नरखेडहून नवरात्रासाठी आल्या होत्या. पूर्वेच्या खिडकीत, जिथे मधुवंतीचं टेबल होतं, तिथे आता घट बसला होता. पुस्तकं पलंगाखाली गेली होती. रोज पहाटे प्रयागबाई दार लोटून घेत आणि अर्धा तास कोणाला आत फिरकू देत नसत. निर्माल्याची पिशवी गॅलरीत नळाला टांगलेली. बादली लावायची तर आधी देवीची परवानगी काढा!

"आली काय वं तुही रोपं?" प्रयागबाईंनी चहा देताना विचारलं.

"नाही आली."

"एकबी नाई?"

"हवी ती एकही नाही."

प्रयागबाई जवळ सरकल्या. "तू त्या ज्वारीत शोधून तरी काय राहिली, ते मले एकडाव सांग ना."

हा प्रश्न त्यांनी नऊ दिवसांत चारदा विचारला होता. मधुवंतीने कप ओट्यावर आपटला. "तुम्हाला नाही कळायचं, आई."

"नाई त नाई. पण देवीवर भरोसा ठेव. यंदा तिचा हात हाय तुह्या कामावर."

मधुवंतीला हसूही आलं नाही.

दसऱ्याला सकाळी घट उठला. प्रयागबाईंनी चार हिरवे कोंब खुडून सुनेच्या केसांत खोचले. ती मुकाट्याने उभी राहिली. मग त्यांनी विसर्जनाला न्यायची पिशवी आणायला सांगितली. मधुवंतीने ती नळावरून ओढली, तशी तिचा बंद तुटला आणि सगळं निर्माल्य फरशीवर सांडलं. वाळलेला झेंडू, विड्याची पानं. पुडीतून सुटलेले, वीतभरही नसलेले पांढरेशुभ्र कोंब. एक नाही, दोन नाही, चाळीसच्या वर.

ती खाली बसली. एक कोंब तिने उचलून उजेडात धरला.

"आई, हे कुठले?"

प्रयागबाई ओशाळल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "रागावू नको वं. घटात मधात मधात असे पांढरे येऊन राहिले होते. तुह्या कामाले अपशकुन होईन म्हणून रोज पहाटे तेवढे उपटत होती मी. फेकला एकबी नाई. देवीचं हाय ना, फेकता येत नाई. घट मांडला तवा तुह्या फ्रिजातल्या डबीतले दाणेच त पेरले होते, देवीचा हात लागू दे म्हणून. डबीत मंग आपली घरची जुनी ज्वारी भरून ठेवली."