पाळणा हलवावा लागेल

“वहिनी, पाळणा हलवावा लागेल,” स्पीकर बसवायला आलेला माणूस छताकडे बघत म्हणाला.

“सकाळपासून हलवतेच आहे,” मी दोरी ओढत म्हणाले. पाळण्यातली चार महिन्यांची लेक आत्ता कुठे डोळे मिटत होती.

नवऱ्याला हसू आलं नाही. समोरच्या भिंतीवर त्याने टीव्हीचा चौकोन खडूने आखला होता, आमच्या पलंगाएवढा. छतातल्या चारही स्पीकरांचा आवाज जिथे एकत्र येणार, नेमका तिथेच पाळणा टांगलेला होता.

“घरातली सगळ्यात चांगली जागा आहे ती,” तो म्हणाला.

“लेकीलाही तसंच वाटतं. शिवाय स्लॅबला कडी एकच आहे.”

शेवटी पाळणा तिथेच राहिला आणि नवऱ्याची आरामखुर्ची त्याला खेटून आली.

रविवारी पहिला सिनेमा लागला. पडद्यावर पूल कोसळत होते, विमानं जळत होती आणि आवाज शून्यावर होता. नवऱ्याच्या एका हातात रिमोट, दुसऱ्यात पाळण्याची दोरी. मी आत जाऊन, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच, दुपारभर झोपले.

जाग आली ती फोनने. आवाज कसा येतोय, म्हणून स्पीकरवाला विचारत होता.

“हळू बोला,” नवरा कुजबुजला, “दोघी झोपल्यात.”