रिकामं खोकं

सोलापुरात टीव्ही अजून दिसतच नव्हता. तरी गोजरबाईच्या घरी, लेकानं मुंबईहून आणलेल्या सेटसमोर रोज पाचला बायका जमायच्या. कधी नवी गोष्ट, कधी जुनीच पुन्हा, आणि शेवटाला अंगावर काटा.

सात रस्ता चौकातला रेडिओ मेकॅनिक मकदूम हे ऐकून भडकला आणि एक दिवस पाचलाच तिच्या घरी येऊन थडकला. त्या सेटची काच आणि आतलं सगळं त्यानंच महिन्यापूर्वी काढून नेलं होतं. उरलं होतं ते नुसतं लाकडी खोकं.

"तू यंत्र नेलंस, गोष्टी न्हाय," गोजरबाई ठसक्यात म्हणाली.

"मावशी, वीस वर्षं हाच धंदा करतोय. मला शिकवू नका!" मकदूम खोक्याच्या मागं गेला आणि आत डोकं घालून गरजला, "बघा, मीच दिसतोय की न्हाय?"

"व्हय की," गोजरबाई शेजारणीला म्हणाली. "ही गोष्ट लई येळा बघितली, तरी बी बघावीशी वाटती."

बायका पुढं सरकल्या. मकदूमनं डोकं मागं ओढलं. ते निघेना. त्यानं दोन्ही हातांनी खोक्याला रेटा दिला. असल्या गोष्टीला तो भिणार नव्हता. छाती भरून घेत त्यानं ओरडायला तोंड उघडलं.

त्याच्या ओठांवर आलेलं वाक्य त्याच्या आधी सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "मी भायेर येणारच!"