वाडीवरचं कोर्ट

“न्यायाधीश आल्या की सगळ्यांनी उठून उभं राहायचं,” रेणुका मॅडमनी सांगितलं, आणि अख्खी वाडी उठली. कोंडूआबाही उठला. न उठून सांगतो कुणाला? शाळेच्या ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडली होती, आणि कॉलेजच्या पोरांनी दिलेला काळा कोट लुगड्यावर चढवून सावित्राबाई तिच्याकडे चालली होती.

वर्षभरात तिच्यासाठी वाडीतलं कुणी जागचं हललं नव्हतं. तिचा करण उर्स्याच्या कारखान्यात कामाला. तिथलीच एक मुलगी लग्न करून त्यानं घरी आणली, आणि ती निघाली जातीबाहेरची. कोंडूआबा वाडीचा पंच. त्यानं निकाल दिला, सुनेला हाकल, नाहीतर तू वाडीची नाहीस. सावित्राबाई म्हणाली, सून घरातच राहील. तेव्हापासून ती विहिरीवर आली की बाया कळशा उचलून चालू लागत. तेही तिनं सोसलं असतं. पण आता सुनेला आठवा लागला होता. अँब्युलन्स डोंगराच्या पायथ्याशी थांबते. अडलेल्या बाईला वाडीतून डोलीत घालून खाली न्यावं लागतं, आणि डोलीला चार खांदे लागतात. तिच्या घरात खांदा एकच होता, करणचा.

ही पोरं खालच्या सरकारी लॉ कॉलेजातली, रेणुका मॅडम त्यांच्या प्राध्यापिका. दर शनिवारी मावळातल्या कुठल्या ना कुठल्या वाडीवर यायची. वाडीचे वनहक्काचे दावे त्यांनीच लिहून दिले होते, प्रांत ऑफिसचे खेटे त्यांनीच घातले होते. जमिनी नावावर झाल्या आणि आबाच्या लेखी कॉलेज म्हणजे देव झालं. मॅडम यायच्या म्हटलं की तो स्वतः सतरंजी झाडायचा. आज मात्र मॅडमनी विषय सांगितला आणि त्याचा चेहरा उतरला, हे सावित्राबाईला लांबूनही दिसलं. कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं मॅडम सांगत होत्या. कायदा सांगून झाला की त्यावर खटल्याचा खेळ करून दाखवायची त्यांची रीत होती. निम्मी माणसं कॉलेजची, निम्मी वाडीची.

“आबा, वाळीत टाकणारा पंच तुम्हीच व्हा. तुम्हाला सवय आहे,” मॅडम म्हणाल्या. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. आबा पंच झाला. ऋचा नावाची विद्यार्थिनी वाळीत टाकलेली बाई झाली, श्रीयश वकील झाला. न्यायाधीश व्हायला मात्र एकही बाई तयार होईना. एकमेकींना पुढं ढकलून सगळ्या पदरात तोंड लपवू लागल्या. तेव्हा श्रीयशनं जांभळीखाली एकट्या बसलेल्या सावित्राबाईकडे बोट दाखवलं.

“मॅडम, त्या मावशी सगळ्यांपासून लांब बसल्यात. त्या कुणाच्याच बाजूच्या दिसत नाहीत.”

शहरातलं पोर ते, त्याला काय ठाऊक. आबानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तर सावित्राबाई खुर्चीत बसली, अंग चोरून बसली, आणि खटला सुरू झाला. “या बाईला तुम्ही वाळीत टाकलंत, हे खरं?” श्रीयशनं विचारलं. “न्हाई,” आबा म्हणाला. तसंच म्हणायचं ठरलं होतं. मग ऋचाची पाळी आली. येताना तिनं शाळेच्या पडवीत टांगलेली डोली पाहिली होती. तीच तिनं आपल्या गोष्टीत घातली. हात जोडून ती म्हणाली, “आबा, माझी सून अडली आहे हो. डोलीला माणसं द्या.”

आबा एकदम तापला.

“अडू दे. जातीबाहेरची पोरगी घरात घेतलीस तवा वाडीला इचारलं व्हतंस का? मी जित्ता हाय तवर तिच्या डोलीला कुणी खांदा देणार न्हाई. समद्यास्नी बजावलंय मी.”

ऋचाच्या गोष्टीत जातीबाहेरची पोरगी नव्हतीच. कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. “आबा, काय खरं वठवलंत,” श्रीयश कौतुकानं म्हणाला. वाडीतल्या एकाही माणसानं टाळी वाजवली नाही. आबा मान खाली घालून उभा राहिला.

सावित्राबाई त्याच्याकडे बघत होती. तक्रार करायचं तिच्या मनात कैकदा आलं होतं, आणि दर वेळी तिनं ते गिळलं होतं. तक्रार केली की वाडी कायमची तुटली. त्यापेक्षा वेळ येईल तेव्हा आबाला पाझर फुटेल, चौघांना तोच हाक मारील, या आशेवर ती गप्प राहिली होती. त्या आशेचं काय करायचं ते आबानं आज भरल्या सभेत सांगून टाकलं. तिला रडू आलं, भीतीही वाटली.

“मावशी, आता निकाल द्या,” मॅडम म्हणाल्या.

सावित्राबाई उठली. तशी वाडी पुन्हा उभी राहिली, कारण तसं सांगितलं होतं. तिनं कोट उतरवला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि ओट्यावरून खाली उतरली. ऋचाजवळ जाऊन तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“पोरी, तू बस आता खाली,” ती म्हणाली. “ती बाई मी हाय.”