दुसरी पट्टी

मशीनवर आकडा उमटला. तीनशे अठरा.

सिस्टरांनी तो पुन्हा वाचला. लेकीला मधुमेह निघून दोन वर्षं झाली होती, पण जेवणाआधी एवढी साखर कधी आली नव्हती. ड्युटीवर पोचायला जेमतेम अर्धा तास उरलेला. त्यांनी मनातल्या मनात गणित मांडलं आणि इन्सुलिनच्या पेनवर नेहमीपेक्षा चार युनिट जास्त लावले. बावीस वर्षं वॉर्डात हेच तर करत आल्या होत्या.

"ये, पोट दाखव."

"आई, थांब," लेक म्हणाली. "आकडा चुकलाय."

"मशीन कशाला खोटं बोलेल?"

"मशीन नाही, माझं बोट खोटं बोलतंय. आत्ताच तुझ्यासाठी संत्रं सोललं ना? हात कुठे धुतले मी?"

"अगं, स्पिरिटनं पुसलं की मी बोट!"

"स्पिरिटनं संत्र्याचा रस सगळा निघत नाही. मशीनच्या खोक्यातला कागद वाचलाय मी. आणि मला तहान तरी लागलीये का?"

सिस्टरांना रागच आला. वॉर्डात त्यांच्या कामाकडे बोट दाखवायची भल्याभल्या डॉक्टरांची टाप नव्हती, आणि ही घरात बसून धडे देत होती!

लेक मात्र उठलीसुद्धा. साबणानं हात खसाखसा धुतले. टॉवेलनं बोटांच्या बेचक्यासुद्धा टिपल्या. "ओलं राहिलं तर थेंब पातळ होतो," असं पुटपुटत तिनं डबीतून नवी पट्टी काढली आणि झाकण लगेच घट्ट लावलं. बोटाच्या कडेला सुई टोचली. न पिळता थेंब येऊ दिला.

दोघी मशीनकडे बघत राहिल्या.

शहाण्णव.

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते चार युनिट पोटात गेले असते, तर दुपारी लेक कुठेतरी कोसळली असती. आणि आपण तेव्हा लोकांच्या लेकरांची साखर तपासत असतो! त्यांनी लेकीला जवळ ओढलं.

"चुकलं गं माझं."

"असू दे. आधी ते पेन मागे फिरव. आणि दोन घास खाऊन पळ, उशीर होतोय तुला."

दुपारी वॉर्डात सिस्टरांनी पहिल्याच रोग्याला साबण लावून हात धुवायला लावले. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. हाताखालची नर्स चकित झाली.

"सिस्टर, आजवर तर आपण नुसतं स्पिरिट लावायचो. हे नवीन कुणी शिकवलं? मोठ्या डॉक्टरांनी?"

"छे!" सिस्टर ताठ मानेनं म्हणाल्या. "आमच्या घरच्या बाईंनी. चौथीत आहेत."