बेड्याअलीकडची तालीम

"लाडू परत न्या, यमुनाबाई," आत्माराममास्तर आपल्या कुंपणाच्या बेड्यात, फाटकातच आडवे उभे राहून म्हणाले. "मुंबईला रोज लाडू पोचवणार आहात का?"

यमुनेचा हात डब्यावर तसाच राहिला. बेड्यापलीकडे मास्तरांची पडवी आणि पडवीत तिचा रघू. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेलं की लगेच तिचं घर, अगदी हाकेच्या अंतरावर. तरी पोटच्या पोराला डोळा भरून बघायची चोरी. या मास्तराचं डोकं फिरलंय, असं मनातल्या मनात म्हणत तिने डबा पदराखाली घेतला.

मास्तरांची ही तालीम गावाला ठाऊक होती. मॅट्रिकला बसलेला जो पोरगा कॉलेजची उमेद धरायचा, त्याला ते आपल्या पडवीत आणून ठेवायचे. ट्रंक, वळकटी आणि कोपऱ्यात वेगळी चूल. आपला भात आपण शिजवायचा, आपले कपडे आपण धुवायचे. आईने बेडं ओलांडायचं नाही. रविवारी येऊन बाहेरूनच काय ते बोलायचं. परीक्षेचा निकाल अजून लागायचा होता. पण त्याची वाट बघत बसलं तर पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट चुकायची, म्हणून तयारी आधीच. ज्यांची पोरं अशी गेली होती त्या आयांना यमुनेने विचारून पाहिलं. त्या नुसत्या हसायच्या.

नवरा वारल्यावर सुंभ वळून वळून तिने या एकुलत्या एका पोराला वाढवलं होतं. त्याला असा परक्याच्या पडवीत टाकणं तिच्या जिवावर आलं होतं. पण खालच्या आळीतला हरिश्चंद्र तिच्या डोळ्यांसमोर होता. शाळेत पहिला नंबर न सोडणारा पोर, मुंबईला गेला तो दिवाळीच्या आत परत आला आणि पुन्हा गेलाच नाही. आता बंदरावर गोणी उतरवून घेत होता. मुंबई मानवली नाही, जेवणाचे हाल झाले, असं त्याची आई गंगुबाई भेटेल त्याला सांगायची. मास्तरांची तालीम सुरू झाली तीही त्यानंतरच. रघूचं तसं झालं तर आपण हाडाची काडं केली ती कशासाठी, या विचाराने यमुनेनेच त्याची वळकटी बांधून दिली होती.

मास्तरांनी तालमीची फी घेतली नाही. "शेजारच्या पोरींना दुपारचं सुंभ वळायला शिकवा, म्हणजे झालं," एवढंच म्हणाले.

तशा कमळा आणि सखू यायला लागल्या. यमुनेचं शिकवण्यात लक्ष कुठलं असायला? ती दाराकडे तोंड करून बसायची. एकीचा पीळ सुटला की दुसरीवर खेकसायची. जेवायला दोन ताटं घ्यायची, मग एक परत ठेवायची. आपल्या ताटातलाही अर्धा भात तसाच राहायचा.

रविवारी मास्तरांनी बेड्याशीच विचारलं, "जेवता ना वेळेवर? झोप लागते?"

"माझं काय घेऊन बसलात? रघूला भात जमतो का ते सांगा."

"जमेल हो. झोप लागते का?"

"नाही लागत," ती फणकारली.

मास्तर मान हलवत आत गेले आणि रघू आला. यमुना त्याला निरखून बघत राहिली. वाळला असेल म्हणून धसका घेतला होता, तर पोर गालाने भरला होता. हाताला काजळी नाही, कुठे चटका नाही. शिकला हो माझा पोर, म्हणून तिला भरून आलं. रघू आपला पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"काकी बऱ्या आहेत ना रे?" तिने मास्तरांच्या बायकोची, सगुणाकाकीची चौकशी केली.

"बऱ्या आहेत," रघू घाईघाईने म्हणाला.

पुढे कमळेने आपल्या बहिणीला आणलं, सखूने मावसबहिणीला. यमुनेची ओटी पोरींनी भरून गेली. त्या खिदळायच्या, यमुना रागे भरायची, आणि मग तिलाच हसू फुटायचं. कुणी आंब्याची फोड तिच्या तोंडात कोंबायची, कुणी तिची वेणी घालायला बसायची. संध्याकाळी पोरी गेल्या की अंग आंबलेलं असायचं आणि भूक सपाटून लागायची.

एका रविवारी तर बेड्याशी जायचं ती साफ विसरली. दिवेलागणीला आठवलं तशी धावत सुटली. आई म्हणवतेस आणि विसरतेस, असं स्वतःला दूषणं देत पोचली. मास्तर मात्र खुशीत दिसले.

"तयारी झाली गो," त्यांनी आत वळून सगुणाकाकीला सांगितलं. "याच बोटीने धाडू."

बंदरावर ही गर्दी. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती, तिच्याकडे माणसं नेणारा पडाव भरत आला होता. रघू पाया पडला आणि ट्रंक घेऊन पडावात बसला. यमुनेने डोळे पुसले.

"भाताला पाणी बेताने घाल हो," ती काठावरून ओरडली. "आणि चूल विझवल्याशिवाय निजू नको."

रघू कानकोंडा झाला. त्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान डोलावली.

"आये, मला कुठे भात येतो?" तो म्हणाला. "मुंबईत खाणावळ ठरलीय. इथे रोज काकीच्या हातचं जेवलो. ती चूल एकदासुद्धा पेटवली नाही."

पडाव सुटला. यमुना मास्तरांकडे वळली.

"मग ही तालीम कसली? हरिश्चंद्र तर जेवणाच्या हालांपायी परत आला ना?"

"हरिश्चंद्राला मुंबई झकास मानवली होती, यमुनाबाई. इथे गंगुबाईला घर खायला उठलं. तिने अंथरूण धरलं, आणि पोराला तार गेली."

लांब पडावातून रघू हात हलवत होता. यमुनेनेही हलवला. घरी पोरी येऊन ओटीवर बसल्या असतील, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

"काल झोप लागली?" मास्तरांनी विचारलं.

"लागली," ती म्हणाली.

"मग झालात पास."