दुपारची नोंद

तेरवी उरकल्यापासून चंदाबाई रोज सकाळी डाळमिलच्या वजनकाट्यापाशी येऊन बसत होती. आज पाचवा दिवस. सुकेशनीनं खिडकीतून तिच्याकडे पाहिलं आणि संगणकाचा पडदा दारापासून थोडा आत वळवला.

केनवडजवळच्या या मिलचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सुकेशनी सांभाळायची. मालाची आवक-जावक, गाड्यांच्या पावत्या, मजुरांची हजेरी, सगळं त्यातच. त्या मंगळवारी ती रजेवर होती. दुपारी पावणेतीनला चंदाबाईचा नवरा किशन मिलमध्ये मेला. लाइट गेलेली होती. तूर वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या खड्ड्यात माल अडकला म्हणून तो खाली उतरला, आणि कुणीतरी जनरेटर चालू केला. कुणी, ते मिलमधल्या एकालाही आठवत नव्हतं.

मालक अमरदीपशेठनी पोलिसांना हजेरीचा कागद छापून दिला. किशननं सोमवारीच काम सोडलं होतं, मंगळवारी तो आपल्या मर्जीनं आत शिरला, असं त्यांचं म्हणणं. कागदावर तसंच होतं. म्हणजे भरपाई नाही.

चंदाबाईनं पहिल्याच दिवशी सुकेशनीला गाठलं होतं. "काम सोडलं असतं त डबा कायले नेला असता, ताई? म्या सोताच्या हातानं भाकर बांधून देल्ली." मग किशनचा मोबाइलही सापडला नाही, असं ती सांगत राहिली. बुधवारी तो वाशिमला जाणार होता, कुणाला तरी मिलच्या वजनकाट्याचे फोटो दाखवायला. सुकेशनीचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात सोमवार हा एकच शब्द घोळत होता.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. सॉफ्टवेअर प्रत्येक बदल टिपून ठेवायचं: कुणी केला, कधी केला, आधी काय होतं, नंतर काय झालं. हे टिपण कुणालाही बंद करता येत नव्हतं. वेळही मिलच्या घड्याळाची पडत नसे, सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरची पडे. शेठना यातलं काहीच माहीत नव्हतं. सीएनं सांगितलं म्हणून त्यांनी ते घेतलं होतं.

तारीख मागाहून बदलल्याचं दिसलं, तर चंदाबाईला भरपाई मिळेल आणि सुकेशनीची नोकरी जाईल. घर तिच्याच पगारावर चालत होतं. चार दिवस तिनं बदलांची ती यादी उघडली नव्हती.

समोरच्या टेबलावर मुनीम नानाजी पावत्या टाकत होते. साठी उलटल्यावर ते संगणक शिकले, तेही सुकेशनीकडून. बारा ते पाच लाइट नसे, जनरेटर फक्त यंत्रांपुरता होता आणि ऑफिसातला इन्व्हर्टर दहा मिनिटंही तग धरत नसे. म्हणून दुपारचं सगळं काम ते सकाळीच उरकायचे. गाडी भरायला लागायच्या आधी तिची पावती तयार असायची. एकदा गाडी आलीच नाही आणि पावती मात्र निघाली होती. त्यावरून हमाल अजून त्यांची थट्टा करत.

"काय काढून राह्यली, पोरी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"किशनची नोंद."

नानाजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला. आता ते उठून शेठच्या खोलीत जातील, असं सुकेशनीला वाटलं. ते उठले आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"बदलाची ओळ वरच हाय," ते हळू म्हणाले. "छाप, अन् तिले दे."

"तुमी केला होता बदल?"

"शेटनं सांगतलं. म्या केला."

"यात तुमचं नाव येते, नानाजी."

"येऊ दे. तेवढा कागद पुरे हाय तिले. तो दे, अन् तू घरी जाय आज."

सुकेशनीला भरून आलं. ते परत जागेवर जाऊन बसले, पण त्यांनी पावत्या पुढे टाकल्या नाहीत.

तिनं वरची ओळ छापली. मंगळवार, संध्याकाळी ५:२०. शेवटचा दिवस ‘मंगळवार’ होता, तो ‘सोमवार’ केला. कारण ‘मृत्यू’ होतं, ते ‘काम सोडले’ केलं. करणारे नानाजी.

ती बाहेर गेली, कागद चंदाबाईच्या हातात दिला, तो वाशिमच्या कामगार कार्यालयात कुणाला दाखवायचा ते समजावलं. चंदाबाई कागद उलटसुलट पाहत राहिली.

"याच्यात त्याचं नाव कुठं हाय?"

सुकेशनीनं तिचं बोट धरून नावावर ठेवलं. चंदाबाईनं ते तिथून उचललं नाही.

परत आल्यावर सुकेशनीनं पर्स उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. बीएस्सीला असताना प्रयोगशाळेत तिला एक शिस्त लागली होती. दुरुस्त केलेला आकडा लिहायचा, त्याच्या शेजारी पहिलाही लिहायचा. उद्या कार्यालयात कुणीतरी विचारणारच, की आधीचं ‘मृत्यू’ कधी लिहिलं होतं. उत्तर सोपं होतं. किशन पावणेतीनला गेला, लाइट पाचला आली, बदल पाच वीसला झाला. तिनं वहीत पेन्सिलीनं लिहिलं: पाच ते पाच वीस. मग पडताळून पाहायला यादी खाली सरकवली.

"पोरी," नानाजी म्हणाले, "घरी जाय म्हणलं ना तुले."

खालच्या ओळीत शेवटचा दिवस मंगळवारच होता. कारण ‘मृत्यू’च होतं. नाव नानाजींचंच होतं. आणि वेळ होती त्याच मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं.