हत्यारांची सुट्टी

खंडेनवमीला आनंदरावांनी आपली लेखनाची हत्यारं पाटावर मांडली. जर्मन फाउंटन पेन, शाईची दौत, सेवाग्रामहून आणलेला हातकागद. कुंकू लावून घरात बजावलं, “पूजलेल्या हत्याराले आज कोणी हात लावाचा नाई.”

तेवढ्यात संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकाची कथा आजच हवी होती.

“तासाभरात पाठवतो,” असं सांगून आनंदरावांनी तोच मोबाईल तोंडापुढे धरला आणि त्याला फर्मावलं, “आपल्या मातीतली, डोळ्यांत पाणी आणणारी एक कथा लिहून दे.”

बायकोनं, मेघानं, तो हातातून काढून घेतला, कुंकू लावून पाटावर ठेवला.

“रोज हा राबून राह्यला, अन् पूजा त्या रिकामटेकड्याइची? आता याले हात नाई लावाचा!”